बाळ आजारी पडलं तर

मॅडम गुडघ्यांवर बसून ध्वनिक्षेपकाची वायर चिकटपट्टीने जमिनीला चिकटवत होत्या, तेव्हा सभागृहाच्या दारातून आवाज आला.

"तशी नाही टिकायची. आधी जमीन पुसा."

मॅडमनी वर पाहिलं. साठीच्या आसपासची एक बाई उभी होती. कडेवर सात-आठ महिन्यांचं बाळ, खांद्यावर फुगलेली पिशवी, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. तिच्या मागे, अर्ध्या पावलाच्या अंतरावर, एक सडपातळ मुलगी छातीशी वही धरून उभी होती. अजून साडेआठच वाजले होते. कार्यशाळा दहाला सुरू व्हायची होती.

"लवकर आलात," मॅडम उठत म्हणाल्या.

"लवकर नाही, वेळेवर. जागा आधी बघून घेतलेली बरी."

एवढं बोलून बाईंनी बाळ मुलीकडे दिलं, पिशवीतून फडकं काढलं, वायरीखालची फरशी पुसली आणि चिकटपट्टी मॅडमच्या हातून घेतली. दोन मिनिटांत वायर जमिनीला अशी बसली की पायाला लागेना.

मॅडम संख्याशास्त्र शिकवायच्या. विद्यापीठातल्या मुलींसाठी नेतृत्व प्रशिक्षणाची तीन दिवसांची कार्यशाळा ही त्यांची कल्पना होती आणि त्या कल्पनेची फाइल दोन वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरली होती. चाळीस जागांसाठी एकशे त्रेसष्ट अर्ज आले. निवड झालेल्या प्रत्येकीला मॅडमनी स्वतः फोन केला. एकोणचाळीस जणी आनंदाने हो म्हणाल्या. चाळिसावी, सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाची, म्हणाली, "माझं नाव काढून टाका मॅडम. बाळ आहे, अजून अंगावर पितं."

"सांभाळायला कुणी बरोबर येईल का?"

मग मुलगी हळूच म्हणाली, "सासूबाई येतील. पण मग त्या येतील, आणि दिवसभर तिथेच असतील."

विभागप्रमुखांना हे अजिबात पटलं नव्हतं. "आज बाळ आणि सासू, उद्या वऱ्हाड येईल," ते म्हणाले होते. शेवटी सही केली, पण काही गडबड झाली तर जबाबदारी मॅडमची, अशी ओळ कागदावर लिहून घेतली. सासूबाईंना चिकटपट्टी दाताने तोडताना बघून मॅडमना ती ओळ आठवली.

पहिला दिवस ओळखीत गेला. प्रशिक्षण द्यायला बाहेरून आलेल्या बाईंना सगळ्या ताई म्हणू लागल्या. ताईंनी मुलींना गोलात बसवलं आणि प्रत्येकीला विचारलं, घरातला कोणता निर्णय तू घेतेस? कुणी म्हणालं पडद्यांचा रंग, कुणी म्हणालं धाकट्या भावाची शाळा. बास्केटबॉलच्या संघात असलेली एक उंच मुलगी, जिला सगळ्या कॅप्टन म्हणायच्या, म्हणाली, "माझ्या घरात सगळे निर्णय मी घेते, फक्त घरच्यांना अजून कळलेलं नाही." सगळ्या हसल्या.

सूक्ष्मजीवशास्त्रवालीची पाळी आली तेव्हा तिने आधी मागे वळून पाहिलं. मागे खिडकीजवळ सतरंजीवर सासूबाई बाळाला पालथं घालून बसल्या होत्या. "बाळाला कधी निजवायचं ते मी ठरवते," ती म्हणाली, "आणि तेही बाळच ठरवतं." बोलून झाल्यावर तिने पुन्हा मागे पाहिलं. सासूबाई चष्म्याच्या वरून तिच्याकडेच बघत होत्या. मॅडमनी मनात नोंद केली. दिवसभरात ती सहा वेळा बोलली आणि सहाही वेळा आधी मागे वळली.

बाळ मुलगी होती. सासूबाई तिला साहेब म्हणत. "साहेब झोपलेत, हळू." "साहेबांचं पोट भरलं, आता दौरा काढतील." दुपारपर्यंत सगळ्या मुली बाळाला साहेब आणि सासूबाईंना काकू म्हणू लागल्या. सकाळच्या चहाला पस्तीस मिनिटं गेली, कारण भिंतीला टेकवलेल्या टेबलासमोर एकच रांग होती. दुपारच्या चहाच्या आधी काकूंनी कॅप्टनला हाताशी धरलं, टेबल भिंतीपासून ओढून मधोमध आणलं, कप एका टोकाला आणि साखर दुसऱ्या टोकाला ठेवली. दोन्ही बाजूंनी माणसं सरकली. चहा बारा मिनिटांत आटोपला.

"हे कुठे शिकलात?" मॅडमनी विचारलं.

"रुग्णालयाच्या धुलाईघरात. सत्तावीस वर्षं होते. शेवटची अकरा वर्षं हाताखाली चौतीस बायका होत्या. रोज दीड हजार चादरी." काकूंनी एक बिस्किट चहात बुडवलं. "चादरी सोप्या असतात. माणसं रांगेत लावणं अवघड."

मॅडमनी हे वहीत लिहून घेतलं. मनात मात्र धाकधूक राहिली. ज्या बाईने चौतीस जणींवर राज्य केलं, तिच्या घरात एका सुनेची काय कथा?

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईंनी नवा सराव दिला. प्रत्येकीने अशी एक गोष्ट निवडायची जी एखाद्या मोठ्या माणसाला सांगायचं धाडस होत नाही. जोडीदारीण ते मोठं माणूस होणार आणि ही तिला ती गोष्ट सांगणार. जोड्या पडल्या. सूक्ष्मजीवशास्त्रवालीची जोडीदारीण त्या दिवशी तापामुळे आलीच नव्हती.

"हिच्याबरोबर कोण येतं?" ताईंनी विचारलं.

"काकू आहेत की," कॅप्टन मागून म्हणाली. हशा पिकला.

मुलगी काही बोलायच्या आत काकू उठल्या. त्या थेट मॅडमकडे आल्या आणि बाळ त्यांच्या मांडीत ठेवलं. "धरा. मान सावरायची गरज नाही आता, फक्त चष्मा सांभाळा. साहेब ओढतात." मग त्या गोलाच्या मधल्या खुर्चीत जाऊन बसल्या.

"मी कोण व्हायचं?"

"कुणीही," मुलगी म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "घरातलं मोठं माणूस."

"ते जमेल मला."

पुन्हा हसू उसळलं. मुलगी हसली नाही. तिने वही खुर्चीखाली ठेवली, हात मांडीवर घेतले, आणि आज पहिल्यांदा ती मागे वळली नाही, कारण जिच्याकडे वळायचं ती समोरच बसली होती.

"मला एका संशोधन केंद्रात काम मिळालंय," ती म्हणाली. "समुद्रातल्या शेवाळावर. आठ महिन्यांचं. पत्र येऊन अठरा दिवस झाले. सोमवारपर्यंत कळवायचंय. मला जायचंय."

हसणं एकेका खुर्चीवर थांबत गेलं. हा सराव नाही, हे सगळ्यांच्या आधी मॅडमना कळलं, आणि त्यांच्या मांडीवर बाळ होतं. उठायची सोय नव्हती. त्यांनी ताईंकडे पाहिलं. ताई पुढे झुकून ऐकत होत्या.

काकूंच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. त्यांनी दोरीवरचा चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला.

"किती लांब?"

"रेल्वेने चौदा तास."

"राहणार कुठे?"

"केंद्राचं वसतिगृह आहे. मूल असेल तर स्वतंत्र खोली देतात. मी विचारून घेतलंय."

"म्हणजे विचारून झालंय. बाळ नेणार?"

"हो. तिथे पाळणाघर आहे. त्यांनाही विचारलंय."

"नवऱ्याला माहीत आहे?"

"हो."

"तो काय म्हणतो?"

"तो म्हणतो, माझी हरकत नाही, पण घरात तूच सांग."

"म्हणजे ढाल करून तुला पुढे करतो. त्याच्या जेवणाचं काय?"

"त्याला दोन हात आहेत," मुलगी म्हणाली आणि स्वतःच दचकली. कॅप्टनने तोंडावर हात धरला.

काकू हसल्या नाहीत. "इथे करता येणार नाही असं काय आहे त्यात?"

"इथे समुद्र नाही."

मॅडमना वाटलं, इथेच थांबावं. मुलगी जिंकली होती. पण काकू खुर्चीत सरसावून बसल्या.

"बाळ आजारी पडलं तर?"

"दवाखाना आहे जवळ."

"रात्री ताप चढला. सकाळी आठला तुला प्रयोगशाळेत पोचायचंय. तापातलं मूल पाळणाघर घेत नाही. मग?"

"मी सुट्टी घेईन."

"दोन आठवड्यांनी पुन्हा. मग खोकला, मग दात. किती सुट्ट्या घेशील? आणि ते तुला ठेवतील कशाला?"

मुलीने खुर्चीखालची वही उचलून छातीशी धरली.

"मग नाही म्हणून कळवते," ती म्हणाली.

"इथे थांबू या," ताई म्हणाल्या.

काकू उठल्या. मॅडमच्या मांडीतून त्यांनी बाळ उचललं. "हिच्या दुधाची वेळ झाली," एवढंच म्हणाल्या आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवून तिला दाराबाहेर घेऊन गेल्या. पिशवीही नेली.

दारात विभागप्रमुख उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"लोकांच्या घरातलं सभागृहात आणलंत," ते हळू आवाजात म्हणाले. "तक्रार आली तर मी ती तशीच तुमच्या नावाने पुढे पाठवणार."

"पाठवा," मॅडम म्हणाल्या. त्यांना तक्रारीचं फारसं काही वाटत नव्हतं. एकशे त्रेसष्ट अर्जांतून त्यांनी ही मुलगी निवडली होती, तिच्या सासूला त्यांनीच बोलावलं होतं, आणि आज सगळ्यांसमोर त्या मुलीचा समुद्र हातचा गेला होता. हे सगळं त्यांच्या वेळापत्रकात 'सत्र पाचवं' म्हणून छापलेलं होतं.

त्या बाहेर पडल्या. मुख्य दरवाजाशी दोघी नव्हत्या. व्हरांड्यात नव्हत्या. मॅडम प्रयोगशाळांच्या रांगेतून मागच्या बाजूला आल्या. सायकली लावायच्या जागेशेजारी तीन पायऱ्या होत्या. सर्वांत खालच्या पायरीवर मुलगी बाळाला पाजत बसली होती आणि तिच्यासमोर, कंबरेवर हात ठेवून, काकू उभ्या होत्या.

"पुन्हा सांग," त्या म्हणत होत्या. "बाळ आजारी पडलं तर?"

मॅडमना राहवेना. त्या झपाझप पुढे गेल्या. "काकू, पुरे आता. चूक माझी आहे. असा प्रसंग मी यायलाच द्यायला नको होता. तिला बोलू नका."

काकूंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमच्या सत्राची वेळ संपली म्हणून आमचा सराव थांबवायचा का?"

मॅडम जागीच थांबल्या.

"हे माझे प्रश्न नाहीत," काकू म्हणाल्या. "हिच्या सासऱ्यांचे आहेत. छत्तीस वर्षं ऐकतेय, कोणता कुठल्या क्रमाने येतो ते पाठ आहे मला. आधी अंतर, मग राहणं, मग त्यांच्या मुलाचं जेवण, आणि शेवटी बाळ. तिथवर पोरीने झक्क उत्तरं दिली. शेवटाला आली आणि स्वतःच्या हाताने पत्र फाडायला निघाली." मग सुनेकडे वळून, "इथे रडलीस, चालेल. घरी रडलीस तर संपलं. ते पाण्याचा पेला आणून देतील, डोक्यावर हात ठेवतील आणि विषय मिटला म्हणून वर्तमानपत्र उघडतील."

मुलीने नाक पुसलं. "पण त्या प्रश्नाला उत्तरच नाही, आई."

"आहे. मीही तुझ्यासारखंच चुकीचं दिलं होतं. धुलाईघराची प्रमुख व्हायची वेळ आली तेव्हा ह्यांनी हेच विचारलं, मुलगा आजारी पडला तर? मी म्हटलं, माझं मी बघेन. झालं. माझं मीच बघत राहिले. पहाटे त्याच्या कपाळावर घड्या ठेवायच्या आणि सातला चादरी मोजायच्या. अकरा वर्षांत कुणी मदत केली नाही, कारण मी एकदाही मागितली नाही."

सायकलींच्या रांगेत कुणीतरी कुलूप उघडलं आणि निघून गेलं.

"अठरा दिवस तू वसतिगृहाला विचारलंस," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच थोडा दुखावल्यासारखा आला. "पाळणाघराला विचारलंस. दवाखाना कुठे आहे ते विचारलंस. एकाच घरात राहतो आपण. कुणाला विचारायचं राहिलं?"

मुलगी बाळाच्या टोपीची नाडी बोटाला गुंडाळत राहिली. गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मॅडमना तिथून निघून जावंसं वाटलं, पण पाय निघेना.

"आई," मुलगी शेवटी म्हणाली, "पहिले तीन महिने तुम्ही माझ्याबरोबर याल?"

काकूंनी चष्मा काढला. रुमालाने दोन्ही काचा पुसल्या, गरजेपेक्षा जास्त वेळ.

"जिने किती आहेत तिथे? माझे गुडघे काही विचारून दुखत नाहीत."

"तळमजल्याची खोली मागते."

"मग येईन," काकू म्हणाल्या. "आता पुन्हा पहिल्यापासून. आणि एक लक्षात ठेव. घरी मी समोर बसणार नाही, तुझ्या शेजारी बसेन. पण तोंड उघडणार नाही. मी बोलले की ते माझ्याशी भांडत बसतील आणि तुझं म्हणणं राहून जाईल. बोलायचं तू. चल, किती लांब?"

"रेल्वेने चौदा तास," मुलगी म्हणाली. या वेळी आवाज बसलेला नव्हता.

मॅडम परत फिरल्या तेव्हा काकूंनी हाक मारली. "उद्या तुमचं दहालाच ना? आम्हाला उशीर होईल. सकाळी घरी बैठक आहे."

"किती उशीर?"

"ते बैठकीवर आहे."

सभागृहात परतल्यावर मुलींनी काय झालं म्हणून गराडा घातला. मॅडम म्हणाल्या, "सराव चालू आहे." ताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि पुढचं सत्र सुरू केलं.

तिसऱ्या दिवशी दहा वाजता एकोणचाळीस मुली गोलात बसल्या. रिकामी खुर्ची कॅप्टन उचलायला गेली, मॅडमनी मान हलवून नको म्हटलं. साडेदहा झाले. अकरा वाजले. ताई गटचर्चा घेत होत्या. ग्रंथालय रविवारी उघडं ठेवण्याची मागणी कुणी, कशी, कुणापुढे मांडायची, असा विषय होता. मॅडमचं लक्ष दाराकडे होतं. मनाशी त्या शक्यता मांडत होत्या, तो त्यांचा धंदाच होता, आणि एकही आकडा हाती लागत नव्हता.

अकरा वीसला दार उघडलं. आज मुलगी पुढे होती. तिचे डोळे सुजल्यासारखे होते, पण रडून की जागून, हे सांगता आलं नसतं. ती सरळ आपल्या खुर्चीत येऊन बसली, शेजारणीकडून विषय समजून घेतला आणि पाचच मिनिटांत म्हणाली, "ग्रंथपालांकडे मागणी घेऊन जाण्याआधी रविवारी त्यांच्याऐवजी कोण बसेल याचं उत्तर आपल्याकडे हवं. ते पहिलं हेच विचारतील." ताईंनी फळ्यावर ते लिहिलं. बोलण्याआधी किंवा नंतर मुलगी मागे वळली नाही.

तिच्यामागून काकू आल्या, रिकाम्या हातांनी. चहाच्या टेबलाकडे एक नजर टाकली, ठीक आहे असं मान हलवून कबूल केलं आणि मुलींच्या गोलात एक खुर्ची ओढून कॅप्टनच्या बाजूला बसल्या.

आणि सर्वांत शेवटी एक उंच, ताठ, इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ आत आले. त्यांच्या एका खांद्यावर ती फुगलेली पिशवी होती आणि दुसऱ्यावर साहेब. इतक्या मुली बघून ते दारातच घुटमळले. मग भिंतीच्या कडेकडेने चालत मागच्या खिडकीशी गेले आणि सतरंजीवर बसायचं की खुर्चीवर, हे न ठरल्यामुळे उभेच राहिले.

मॅडम पाण्याचा पेला घेऊन गेल्या. माफीचं एक वाक्य त्यांनी तयार ठेवलं होतं.

"तुम्हीच का त्या मॅडम?" गृहस्थांनी विचारलं.

"हो. मला खरं तर तुम्हाला..."

"सकाळी सात ते साडेदहा आमच्याकडे चर्चा झाली," ते तक्रारीच्या सुरात म्हणाले. "साडेतीन तास. मी एक विचारावं की हिचं उत्तर तयार. दुसरं विचारावं, तयार. मी म्हटलं, ही पोर घरात कधी बोलत नाही, आज झालंय काय हिला." त्यांनी गोलात बसलेल्या बायकोकडे हनुवटीने खूण केली. "आणि ती शेजारी बसून गप्प. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा गप्प. तेव्हाच मला शंका यायला हवी होती."

बाळाने त्यांच्या शर्टाच्या खिशातलं पेन ओढलं. त्यांनी ते सावकाश सोडवून घेतलं, खिशातून घडी घातलेला कागद काढला, उलगडला. कागदावर रेल्वेची वेळ लिहिलेली दिसत होती, दोनदा खोडलेली.

"मला हे फोनवर बघता येत नाही," ते खालच्या आवाजात म्हणाले. समोरच्या गोलात कुणी ऐकू नये अशी त्यांची इच्छा असावी. "तिथवर थेट गाडी आहे का? की मध्ये बदलावी लागते?"

मॅडमनी फोन काढला. "बघते. कधीची हवी?"

"दर महिन्याची," गृहस्थ म्हणाले. बाळ त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून सभागृहाकडे बघत होतं. "आणि सकाळी पोचणारी बघा. सकाळी ही जागी असते."